उलट वाटेचे देहांतर

देहांतराचा विचार आपल्या दर्शनकारांनी जितक्या बारकाईने केला आहे तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. परंतु त्या साऱ्या विचाराला एक ठरलेली दिशा आहे, आणि ती जीर्णाकडून नव्याकडे जाणारी आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला वस्त्रांचा दृष्टान्त आठवावा. विटलेले टाकायचे आणि नवे परिधान करायचे हा क्रम तेथे इतका गृहीत धरलेला आहे की एखाद्या देहीने आपले धडधाकट, ताज्या इंद्रियांचे शरीर सोडून बुद्ध्याच एखाद्या जुन्या, अशक्त, तोकड्या शरीरात शिरावे आणि तेथून ‘मी तोच आहे’ असे जगाला सांगावे, असा प्रसंग कल्पून पाहण्याची गरजच कोणाला भासली नाही. शंकराचार्यांनी परकायाप्रवेश केल्याची जी आख्यायिका सांगतात तीतही त्यांच्या वाट्याला अमरुक राजाचा राजदेह आला, एखाद्या पंगूचा आला नाही. कर्मसिद्धान्तात अधोगती आहे, पशुयोनी आहे, हे खरे. पण ती शिक्षा असते, आणि शिक्षा भोगणाऱ्या जीवाला त्याच्या पूर्वीच्या आप्तेष्टांनी नावाने ओळखावे अशी अपेक्षा त्या व्यवस्थेत कोणी करीत नाही. मला ज्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे तो याहून निराळा आहे: स्वेच्छेने, हिशेब मांडून, मुदत ठरवून आणि नाव कायम ठेवण्याच्या करारावर केलेले अधोमुख देहांतर शक्य आहे काय, आणि शक्य असेल तर त्यात ‘तेच’ म्हणून जे उरते ते नेमके काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यावर ज्यांचे पोट अवलंबून होते अशी माणसे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतल्या साल्ट लेक सिटी या शहरी होती, आणि ती तत्त्वज्ञ नव्हती. स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअर या नावाची, व्हिडिओ गेम तयार करणारी एक कंपनी तेथे होती. स्वतःच्या कल्पनेतूनही तिने खेळ घडवले असले तरी तिचा लौकिक मुख्यत्वे एका वेगळ्या कसबावर उभा होता. दुसऱ्या कोणी, अधिक समर्थ यंत्रासाठी निर्माण केलेला खेळ घ्यावयाचा आणि तो लोकांच्या घरात आधीपासून असलेल्या, काही वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या, मर्यादित शक्तीच्या यंत्रावर चालेल असा करून द्यावयाचा, याला त्या धंद्यात पोर्ट करणे म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही नकला उतरवणाऱ्या कारकुनाची कामगिरी वाटते. पण कारकुनाला नकलेसाठी मिळणारा कागद मूळ कागदाएवढा तरी असतो. येथे मूळ दस्तऐवज शंभर पानांचा, नकलेसाठी मंजूर झालेला कागद तीन पानांचा, आणि वर हुकूम असा की मजकुरात काही कमी झाल्यासारखे वाचणाऱ्याला वाटता कामा नये.

हे काम नेमके त्या शहरी चालावे हा योगायोग मला मननीय वाटतो. साल्ट लेक सिटी हे नगर १८४७ साली ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली आलेल्या मॉर्मन पंथीयांनी वसवले, आणि आजही ते त्या पंथाचे मुख्य पीठ आहे. १८५३ साली पाया घातलेले आणि चाळीस वर्षे खपून १८९३ साली पुरे केलेले त्यांचे मंदिर शहराच्या मध्यभागी उभे आहे. कंपनीचा पंथाशी काही लागाबांधा होता असे मला यत्किंचितही सुचवावयाचे नाही. परंतु या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४३ साली दिलेली एक शिकवण आपल्या प्रश्नाला थेट भिडते: आत्मा आणि जडद्रव्य असे द्वैत मुळात नाहीच, ज्याला आत्मा म्हणतात तेही द्रव्यच होय, मात्र ते अधिक सूक्ष्म आणि अधिक शुद्ध असल्यामुळे आपल्या चर्मचक्षूंना दिसत नाही. सांख्यांना हे अर्धे पटेल, कारण पुरुषाला वगळले तर बुद्धी, अहंकार आणि मन हा सारा अंतःकरणाचा संसार त्यांच्याही मते प्रकृतीचाच सूक्ष्म विकार आहे. अद्वैत्याला ते मुळीच पटणार नाही. संगणकावरचा खेळ हा मात्र या मताचा जणू मुद्दाम घडवलेला पुरावा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला मात्र चालवतो. आणि इतका सूक्ष्म असूनही तो कोठे तरी, कशावर तरी लिहिलेला असावाच लागतो. आत्मा द्रव्य असेल तर त्याला जागा लागते, आणि जागा मोजून मिळते.

आता प्रत्यक्ष प्रकरणांकडे वळू. १९९२ साली शिकागोच्या मिडवे कंपनीने नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा द्वंद्वयुद्धाचा खेळ काढला. खऱ्या नटांचे चित्रण करून त्यांच्या आकृती पडद्यावर आणल्यामुळे तो त्या काळी डोळे विस्फारायला लावणारा वाटला, आणि प्रत्येक ठोशासरशी उडणाऱ्या रक्तामुळे व पराभूताला ज्या अघोरी रीतीने संपवता येई तिच्यामुळे तो बदनामही झाला. घरगुती यंत्रांसाठी त्याची रूपे १३ सप्टेंबर १९९३ रोजी एकाच वेळी विक्रीस आली. त्यांपैकी निन्टेन्डोच्या सुपर निन्टेन्डो या, जपानात १९९० साली निघालेल्या यंत्रावरचे रूप स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअरने केले होते, आणि प्रतिस्पर्धी सेगाच्या यंत्रावरचे इंग्लंडमधल्या प्रोब या कंपनीने. रंगांच्या बाबतीत सुपर निन्टेन्डोचे यंत्र वरचढ होते. पडद्यावर एकाच वेळी २५६ रंग दाखवण्याची त्याची ऐपत होती, सेगाची धाव ६४ रंगांपर्यंत. साहजिकच साल्ट लेक सिटीत घडलेले रूप दिसण्यात मूळच्या पुष्कळच जवळ गेले. परंतु निन्टेन्डोच्या धोरणाप्रमाणे रक्त दाखवण्याची मुभा नव्हती. म्हणून ठोसा बसला की योद्ध्याच्या अंगातून करड्या रंगाचे थेंब उडू लागले, जे घामाचे मानावयाचे होते. आणि सब-झीरो नावाचा जो योद्धा मूळ खेळात शत्रूचे मस्तक पाठीच्या कण्यासकट उपटून हाती धरीत असे, तो येथे त्याला गोठवून त्याचे तुकडे करू लागला. सेगाच्या रूपातही रक्त उघड नव्हते, पण कंट्रोलरवरच्या कळा ठरावीक क्रमाने दाबल्या की ते प्रकट होई. बाजाराने निकाल दिला: सेगाचे रूप अधिक खपले.

वेदान्तात लक्षणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. वस्तूचे जे असणेच आहे ते सांगणारे स्वरूपलक्षण. आणि वस्तूच्या असण्याशी ज्याचा संबंध नाही, पण जे तिची ओळख पटवून देते, ते तटस्थलक्षण. देवदत्ताचे घर कोणते असे विचारल्यावर, ज्याच्यावर तो कावळा बसला आहे ते, असे कोणी सांगितले तर कावळा हा घराचा भाग होत नाही, आणि तो उडून गेल्याने घर पडतही नाही. तरी घर सापडले ते कावळ्यामुळेच. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधले रक्त हे घर होते की कावळा? युद्धाचे नियम, पवित्रे, अंतर राखण्याचे आणि वेळ साधण्याचे कौशल्य यांत रक्ताचा काही संबंध नाही. घाम उडाला म्हणून ठोशाचा हिशेब बदलत नाही. तेव्हा शास्त्रशुद्ध उत्तर, कावळा, असेच द्यावे लागेल. आणि तरीही ज्या हजारो पोरांनी पैसे मोजून सेगाची कॅसेट घेतली त्यांना अडाणी ठरवण्याची माझी तयारी नाही. मूळ खेळाने त्यांच्याशी जो व्यवहार केला होता त्यात वडीलधाऱ्यांनी निषिद्ध ठरवलेले काही तरी पाहावयास मिळणे हे एक कलम होते. करडा घाम पाहिल्यावर कराराचा भंग झाला असे त्यांना वाटले, यात तर्कदोष कोठे आहे? पुढच्या वर्षी ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा दुसरा भाग त्याच कंपनीने त्याच यंत्रावर आणला तेव्हा निन्टेन्डोने हट्ट सोडला होता आणि रक्त लाल होते. कावळा परत येऊन घरावर बसला, एवढेच नव्हे तर घरमालकाने त्याला दाणे घालायला सुरुवात केली.

या रक्ताचे आणि अशाच दुसऱ्या खेळांचे प्रकरण ९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या सिनेटपुढे चौकशीला आले. आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या चमूने ‘डूम’ हा खेळ लोकांसाठी खुला केला, ज्याच्यापुढे चौकशीतले सारे पुरावे बालबोध वाटावेत. इतिहासाला विनोदबुद्धी असते असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला जपून ठेवावा.

‘डूम’ हा आपल्या प्रश्नाचा खरा कस आहे. खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारे दालनांचे आणि बोळांचे एक भूलभुलैयाचे जग, त्यात राक्षस, आणि खेळणाऱ्याच्या हाती बंदूक, इतकेच त्याचे कथानक. पण ते जग ज्या वेगाने आणि ज्या सलगपणे डोळ्यांसमोरून सरकत असे त्यासाठी किमान ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ मेगाबाईट स्मृती असलेला संगणक लागे. सुपर निन्टेन्डोजवळ १२८ किलोबाईट मुख्य स्मृती आणि सुमारे साडेतीन मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर होता. म्हणजे स्मृतीपुरतेच बोलावयाचे तर बत्तिसांत एक. हे देहांतर अशक्य आहे असे बहुतेकांनी मानले असताना स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअरमधल्या रँडी लिंडेन या प्रोग्रामरने ते स्वतःच्या हौसेने, कोणी काम सोपवलेले नसताना, सुरू केले; आणि विशेष हे की मूळ खेळाचा सोर्स कोड त्याच्याजवळ नव्हता. एका हौशी अभ्यासकाने ‘डूम’च्या फायलींची रचना उलगडून प्रसिद्ध केली होती, तिच्या आधाराने त्याने नकाशे आणि चित्रे वाचली, खेळ चालवणारे इंजिन मात्र पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिले, आणि ते लिहिण्यासाठी लागणारी असेम्बलर, लिंकर, डीबगर ही हत्यारेसुद्धा अमिगा संगणकावर स्वतःच तयार केली. नमुना चालता झाल्यावर तो त्याने कंपनीपुढे ठेवला, आणि मग इतरांच्या मदतीने काम तडीस गेले.

एका जीर्ण देहात एवढे मावले कसे? मावले नाहीच, पुरते; देहाबाहेरून मदत आणावी लागली. विकल्या गेलेल्या लाल रंगाच्या कॅसेटमध्ये सुपर एफएक्स २ नावाचा, यंत्रातल्या मूळ प्रोसेसरच्या कितीतरी पट वेगाने, सुमारे २१ मेगाहर्ट्झ गतीने चालणारा स्वतंत्र प्रोसेसर बसवलेला होता; आकृती काढण्याचे जड गणित तो करी. आपल्याकडे जीव देह सोडताना एकटा जात नाही, लिंगदेह बरोबर घेऊन जातो, आणि नव्या स्थूल देहात जे काही करणे त्याला शक्य होते ते या बरोबर आणलेल्या सूक्ष्म करणांमुळे, असे मानतात. वास्तविक हा सिद्धान्त मला आजवर व्यवस्थेच्या सोयीसाठी योजलेली तजवीज वाटत असे. लाल कॅसेटची रचना समजल्यावर त्यातली निकड अधिक नीट कळली. जो देह मिळणार तो जाणाऱ्याच्या योग्यतेचा असेलच असे नाही, तेव्हा निदान एक इंद्रिय तरी आपले आपण न्यावे.

तरीही पुष्कळ टाकून द्यावे लागले, आणि काय टाकले ते पाहणे हाच या विषयातला सर्वांत उद्बोधक भाग आहे. मूळ खेळात जमीन आणि छत यांच्यावर दगड, धातू, विटा यांचे पोत चितारलेले असत. ते सारे गेले, आणि त्यांच्या जागी सपाट रंग आले. भिंतींचे पोत मात्र राहिले. पडद्याच्या चहूबाजूंनी चौकट घालून दृश्य आक्रसून घेतले. २७ पातळ्यांपैकी २२ राहिल्या. गती मंदावली, आकृत्या भरड झाल्या, दूरचा राक्षस चार ठिपक्यांचा पुंजका दिसू लागला. आणि एक गोष्ट अशी गेली की जिचे गेलेपण पटकन लक्षात येत नाही. मूळ खेळात प्रत्येक राक्षस आठ दिशांनी पाहता येत असे. तो पाठमोरा उभा असे, एका बाजूला वळलेला असे, आणि दाराशी थबकून त्याला आपली चाहूल लागली आहे की नाही याचा अंदाज घेता येत असे. जागा वाचवण्यासाठी या रूपात प्रत्येक राक्षसाची केवळ समोरून दिसणारी चित्रे ठेवली गेली. परिणामी सुपर निन्टेन्डोवरच्या त्या जगात कोणाही राक्षसाला पाठ नाही. दार उघडावे, तर दालनात असलेले सगळे आपल्याकडेच तोंड करून उभे. त्यांच्या मागे जावे, तर तेथेही त्यांची तोंडेच.

न्याय आणि वैशेषिक या एरवी एकमेकांच्या हातात हात घालून चालणाऱ्या दर्शनांत एक जुना कज्जा आहे. कच्चे काळे मडके आव्यात घातले आणि लाल होऊन बाहेर आले, तेव्हा झाले काय? नैयायिक म्हणतात, मडके अखंड राहिले आणि अखंडपणेच त्याचा रंग पालटला. याला पिठरपाक म्हणतात. वैशेषिक म्हणतात, अग्नीच्या संयोगाने मडक्याचे परमाणू सुटे झाले, सुट्या परमाणूंचा रंग बदलला, आणि त्यांच्यापासून दुसरेच मडके घडले, जे पहिल्यासारखे दिसते म्हणून आपण तेच समजतो; हा पीलुपाक. पोर्ट करण्याच्या धंद्यात हे दोन्ही पक्ष प्रत्यक्ष व्यवहारात आहेत. सामान्यतः मूळ सोर्स कोड हाती येतो, आणि तो छाटत, आवळत, बदलत नव्या यंत्रावर बसवतात; सलगता कोठे तुटत नाही. लिंडेनचा ‘डूम’ हा मात्र निखळ पीलुपाक आहे: चालवणाऱ्या भागाची एकही ओळ जुन्या मडक्यातून आलेली नाही.

या वादाला एक तिसरा साक्षीदार आहे. १९९४ साली अटारीच्या जॅग्वार या यंत्रावर ‘डूम’ आला तो मूळ इंजिनाचा कर्ता जॉन कारमॅक याच्या स्वतःच्या हातचा होता. त्याने आपल्याच खेळाचे नकाशे त्या यंत्राला झेपावेत म्हणून सोपे केले, दालनांतले बारकावे पुसले. आणि खेळ चालू असताना संगीत वाजत नसे, कारण ज्या प्रोसेसरने ते वाजवायचे त्याला गणिताला जुंपले होते. जमिनीचे पोत मात्र शाबूत राहिले. उलट लिंडेनच्या रूपात नकाशे पुष्कळच मूळबरहुकूम आहेत आणि संगीत आहे, पण जमिनी कोऱ्या आहेत. एकाकडे वंशसातत्य आहे, कर्त्याचा हात आहे, कागदोपत्री सनद आहे. दुसऱ्याकडे यांपैकी काही नाही, पण जागेची ओळख आहे. कोणता ‘डूम’ अधिक ‘डूम’? कर्त्याने स्वतः फेरफार केला म्हणजे तो फेरफार प्रमाण होतो, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की मग मूळ प्रमाण राहत नाही. कर्त्याची इच्छा तेवढी प्रमाण राहते, आणि ती तर रोज बदलते. मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय ठरवून कर्ताच बाजूला सारला, त्यामागे ही अडचण त्यांना दिसली असावी.

माझा कल लिंडेनच्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण अद्वैत्यांच्या एका युक्तीत सापडते. काशीत पूर्वी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी, वाळलेला आणि पिकल्या केसांचा भेटला, आणि आपण म्हणालो, ‘तोच हा’. ‘तो’ या शब्दात त्या वेळचे सारे विशेष आहेत, ‘हा’ या शब्दात आताचे; दोन्ही जशीच्या तशी घेतली तर वाक्य खोटे ठरते. म्हणून दोन्हीकडचे परस्परविरोधी अंश सोडावयाचे आणि अविरोधी तेवढे राखावयाचे. या रीतीला भागत्यागलक्षणा म्हणतात, आणि जीवब्रह्मैक्याचे महावाक्य सदानंदाच्या वेदान्तसारात याच रीतीने सोडवले आहे. वेदान्त्याला हा त्याग बुद्धीत करावयाचा असतो, आणि चुकला तर गुरू पुन्हा समजावतो. पोर्ट करणाऱ्याला तोच त्याग किलोबाईटांत करावा लागतो, ठरलेल्या तारखेच्या आत, आणि चुकला तर दुरुस्तीची सोय नाही, कारण लाखो कॅसेटी छापून दुकानांत गेलेल्या असतात. काय राखावे हे त्याला कोणी लिहून दिलेले नसते. मूळ कर्त्यालाही आपल्या कृतीत सत्त्व कोणते आणि सजावट कोणती याचा निवाडा करण्याची वेळ आलेली नसते. विपुलतेत सर्व काही एकत्र नांदते. टंचाई आल्यावर निवाडा होतो, आणि तो करणारा बहुधा परका असतो.

खेळाचे स्वरूपलक्षण रूपात शोधू गेले तर ते सापडत नाही, असे मला वाटते. ते खेळ आपल्याकडून जी कृती मागतो तीत आहे. ‘डूम’ मागतो ते हे: वळ, धाव, दार उघड, कोपऱ्यामागे काय आहे याचा तर्क कर, दारूगोळ्याचा जमाखर्च ठेव. जमिनीचा पोत यांत कोठे बसत नाही, म्हणून तो गेला तरी देवदत्त ओळखू येतो. नकाशा मात्र सर्वच कृतींचा आधार आहे, म्हणून तो राखणारा लिंडेन कारमॅकपेक्षा शहाणा ठरतो. याच निकषावर राक्षसांच्या पाठी घालवणे ही खरी हानी ठरते, कारण त्यांच्याबरोबर सावधपणे मागून जाण्याची एक कृतीच खेळातून गेली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’चे रक्त हा निकष पुरता झेलत नाही, हे मी कबूल करतो, पाहणे हीही एक कृती आहे असे कोणी म्हटले तर माझ्यापाशी तयार उत्तर नाही.

हे सारे कोणासाठी? लाल कॅसेट अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये आली. त्याच महिन्याच्या ९ तारखेला सोनीचे प्लेस्टेशन तेथे २९९ डॉलरांना विक्रीस निघाले, आणि सुमारे दोन महिन्यांत त्याच्यावर ‘डूम’चे कितीतरी देखणे रूप येऊन दाखल झाले. म्हणजे मावळत्या यंत्रासाठी हा खटाटोप उगवत्याच्या दारात बसून चालला होता; आणि तो ज्यांच्या उपयोगी पडला ते, ना संगणक परवडणारे, ना नवे यंत्र घेऊ शकणारे, घरातल्या चार वर्षांच्या जुन्या यंत्रावर भागवणारे होते. याला करुणा म्हणावे असा मोह होतो. तो आवरावा. कंपनी पैशासाठी काम करीत होती, आणि जुन्या यंत्रांची संख्या मोठी म्हणून गिऱ्हाईकही मोठे, हे गणित उघड आहे. तरी हेतू व्यापारी असला म्हणून फळ बदलत नाही, हे गीतेच्या वाचकाला सांगावयास नको. मॉर्मनांच्या एका विधीची येथे आठवण होते. सत्य उशिरा प्रकट झाले आणि त्याआधी जे मरून गेले त्यांचा दोष काय, या प्रश्नावर त्यांनी असे उत्तर काढले की जिवंत माणसाने मृताच्या नावाने बाप्तिस्मा घ्यावा; तो स्वीकारावा की नाकारावा हे मृताच्या आत्म्याच्या मर्जीवर. त्यासाठी पूर्वजांच्या नावांची दफ्तरे गोळा करण्याचे प्रचंड काम साल्ट लेक सिटीत शतकाहून अधिक काळ चालू आहे. काळाने मागे टाकलेल्यांपर्यंत नंतरचे काही तरी पोचवता यावे, ही धडपड त्यांच्या धर्मकल्पनेच्या मुळाशी आहे.

आपल्याकडे अशा वेळी ज्ञानेश्वरीचा दाखला देण्याची वहिवाट आहे, आणि तो येथे अगदीच गैरलागू आहे. ज्ञानेश्वरांना तोकडा देह मिळाला नव्हता. सातशे श्लोकांच्या त्यांनी नऊ हजार ओव्या केल्या. आपला खरा संबंध याहून पुष्कळच घरगुती आहे. नव्वदच्या दशकात मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत टीव्हीला जोडलेली जी आठ-बिटी यंत्रे असत ती बहुधा १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला असत, आणि त्यांच्या कॅसेटींत आर्केडमधल्या मारामाऱ्यांची पूर्व आशियात परवान्याविना घडवलेली, सुपर निन्टेन्डोहूनही खालच्या पायरीवर उतरवलेली रूपे सापडत. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलाने मूळ कधी पाहिलेच नव्हते. त्याला ‘तोच हा’ असे म्हणता येत नव्हते. फक्त ‘हा’ म्हणता येत होते, आणि त्याचे काही अडले नाही. प्रत्यभिज्ञेला दोन दर्शने लागतात. ज्याला एकच लाभले त्याच्यापुरता अस्सल-नक्कल हा वाद उद्भवतच नाही.

खुद्द स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअरलाही हा प्रश्न चुकला नाही. १९९५ साली ती अक्लेम या बड्या कंपनीने विकत घेतली, पुढे तिचे नाव दोनदा पालटले, आणि २००२ साली ती बंद झाली. नाव गेले, मालक बदलला, माणसे आली गेली. ती कंपनी कोणत्या तारखेपर्यंत ‘तीच’ होती, याचा निवाडा करणे वकिलांवर सोडलेले बरे.

लिंडेनने आपला सोर्स कोड २०२० साली सर्वांसाठी खुला केला, आणि कोठे काय वाचवले होते ते आता ओळीओळीने पाहता येते. त्या सर्व काटकसरीबद्दल मला आदर आहे; एका गोष्टीबद्दल मात्र नाही. लाल कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवण्याची सोय नाही, आणि पासवर्डही नाही. यंत्र बंद केले की गाठलेली पातळी गेली; दुसऱ्या दिवशी प्रकरण पुन्हा पहिल्या दालनापासून. जन्मांतरात स्मृती जाते आणि संस्कार राहतात असे आपण मानतो, आणि या कॅसेटीने तो नियम अक्षरशः पाळला: हातांना वळण राहते, कोणत्या दारामागे कोण आहे हे अंगवळणी पडते, पण कोठवर आलो होतो याची नोंद कोठेच नाही. स्मृती राखावयाची तर कॅसेटमध्ये बॅटरी आणि जादा चिप लागते व खर्च वाढतो, हे मी समजू शकतो. पासवर्डाला असा खर्च नसतो. जमिनीचे पोत गाळले, पातळ्या गाळल्या, राक्षसांच्या पाठी गाळल्या, तेव्हा तंगी यंत्राची होती आणि ती यंत्रावरच भागवली गेली. ही एक तूट मात्र खेळणाऱ्याच्या वेळातून भरून काढण्याचे ठरले. आणि ज्याच्यापाशी शनिवारची एक दुपार व भावंडांत वाटून घेतलेला एक टीव्ही याहून अधिक काही नव्हते, त्याच्याकडून ती वसूल करण्याचा अधिकार कोणाला होता असे मला वाटत नाही.